व्याख्यान फुकट मिळते, शिकण्याचे काय?

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. तिथल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याच्या हाती फोन असेल आणि फोनला रेंज असेल, तर पवईच्या आयआयटीतील प्राध्यापकाचे संगणकावरील व्याख्यान तो आज घरी बसून ऐकू शकतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा लागत नाही, फी लागत नाही. हा बदल लहान नाही. चांगल्या शिक्षकाचे चार शब्द कानी पडावेत म्हणून गाव सोडावे लागले, अशी कितीतरी माणसे आपल्या आसपास आहेत. तेव्हा अशा व्याख्यानांची स्तुती होते ती योग्यच आहे.

परंतु शिक्षक म्हणून आपल्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. हे व्याख्यान ऐकून विद्यार्थी नेमके काय शिकतो? विशेषतः प्रोग्रॅमिंग आणि प्रयोगावर आधारलेले विज्ञान, हे दोन्ही विषय हाताने करून शिकायचे आहेत. ते ऐकून किती येतात आणि कुठे अडतात, एवढ्यापुरताच विचार आपण इथे करू. कसोटीसाठी ईटचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवू, कारण पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला अडले तर विचारायला कोणीतरी सापडतेच.

जुनीच आशा, नवे साधन

दुरून शिकवण्याची कल्पना इंटरनेटबरोबर आली असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाईड क्लासरूम' हा कार्यक्रम १९८४ साली दूरदर्शनवर सुरू झाला. त्याच वर्षी शालेय मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम करणारी 'बालचित्रवाणी' पुण्यात उभी राहिली. ती २०१७ साली बंद पडली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांना मोफत खुले करण्याचे २००१ साली जाहीर केले आणि पुढच्या वर्षी पहिले ५० अभ्यासक्रम प्रत्यक्ष मांडले. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ च्या सुमारास 'एनपीटीईएल' हा उपक्रम हाती घेतला. २०१७ साली केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ आले.

या चाळीस वर्षांत एक मोठा फरक पडला. दूरदर्शनवरचे व्याख्यान ठरल्या वेळी येई आणि निघून जाई. आताचे व्याख्यान थांबवता येते, मागे नेता येते, दहा वेळा ऐकता येते. हळू शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. वर्गात 'सर, पुन्हा सांगा' असे म्हणण्याचा संकोच इथे उरत नाही.

एक चांगला अभ्यासक्रम

आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे यांचा 'सी प्लस प्लस'मधून प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे. त्याच विषयावर त्यांचे इंग्रजी पुस्तकही आहे. बहुतेक अभ्यासक्रम भाषेच्या व्याकरणापासून सुरू होतात. रानडे पहिल्याच दिवशी पडद्यावर एक कासव चालवून दाखवतात. 'फॉरवर्ड(१००)' म्हटले की कासव १०० पावले पुढे जाते, 'राइट(९०)' म्हटले की उजवीकडे काटकोनात वळते. हेच चार वेळा करायला सांगितले की चौरस उमटतो.

आता विद्यार्थ्याला समभुज त्रिकोण काढायला सांगा. बहुतेक मुले ६० अंश वळवतील, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे त्यांना पाठ आहे. परंतु कासव ६० अंश वळून तीन बाजू चालले तर त्रिकोण मिळत नाही, षट्कोनाचा अर्धा भाग मिळतो. कासव वळते ते बाह्यकोनातून, म्हणून १२० अंश हवेत. नववीत पाठ केलेला कोन इथे प्रथमच कामाला येतो आणि तो चुकला की चूक डोळ्यांना दिसते. या मांडणीचे मोठे बळ हेच आहे.

दुसरे उदाहरण विरहांकाच्या संख्यांचे. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, हे आपण मराठीच्या तासाला शिकवतो. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? चारही लघु; दोन लघु व एक गुरू, त्यातला गुरू शेवटी, मध्ये किंवा आरंभी; आणि दोन गुरू. एकूण पाच. पाच मात्रांसाठी पुन्हा मोजायची गरज नाही. शेवटचे अक्षर लघु असेल तर आधीच्या चार मात्रा ५ प्रकारे भरता येतात, गुरू असेल तर आधीच्या तीन मात्रा ३ प्रकारे. म्हणून ५ + ३ = ८. जग ज्यांना फिबोनाचीच्या संख्या म्हणते त्या याच. फिबोनाचीचे पुस्तक १२०२ सालचे. विरहांक त्याच्या कित्येक शतके आधीचा. मोठा प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नांत मोडायचा, ही प्रोग्रॅमिंगमधील एक अवघड कल्पना छंदशास्त्रातून इतक्या सहज कळते.

इथपर्यंत सारे उत्तम. आता ईटच्या विद्यार्थ्याकडे वळू. व्याख्यान इंग्रजीत आहे, ही पहिली अडचण. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ते कासव चालवण्यासाठी संगणकावर एक वेगळा संच बसवावा लागतो. विद्यार्थ्याकडे फक्त फोन असेल तर फोनवरच्या साध्या कंपायलरमध्ये हे कासव आयते मिळत नाही. म्हणजे जो भाग सर्वांत चांगला, नेमका तोच पाहण्यापुरता उरतो. व्याख्यान मोफत असले तरी त्याचा उपयोग करून घेण्याची साधने मोफत नाहीत, हे आपण विसरतो.

मराठी आवाज, इंग्रजी पडदा

भाषेची अडचण ओळखून काम केले ते आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाने. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ. पडद्यावर प्रत्यक्ष काम चालू असते आणि ते काय चालले आहे ते आवाज सांगत असतो. हा आवाज मराठीसह २२ भाषांत उपलब्ध करण्याची योजना आहे. पाठ थोडा पाहायचा, थांबवायचा, शेजारी स्वतः तेच करायचे, अशी पद्धत. पाठाच्या शेवटी स्वाध्याय असतो. हे साहित्य उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही दाखवता येते. खेड्यातील शाळेचा इतका बारकाईने विचार केलेले साहित्य आपल्याकडे थोडेच आहे.

तरीही दोन उणिवा जाणवतात. पहिली अशी की, पाठ पावलापावलाने पुढे जातो, आणि पाऊल चुकलेच तर काय करायचे याचे उत्तर पाठात नसते. अर्धविराम राहिला म्हणून संगणकाने इंग्रजीत ओळभर तक्रार केली, की मूल तिथेच थांबते. दुसरी उणीव भाषांतराच्या स्वरूपातच आहे. वाक्ये मराठी झाली तरी समजावण्याची पद्धत मूळ इंग्रजी पाठाचीच राहते. उदाहरणार्थ 'क्ष = क्ष + १' ही ओळ घ्या. बीजगणित शिकलेल्या मुलाला ही ओळ खोटी वाटते आणि त्याचे म्हणणे बरोबरच आहे. असे समीकरण असूच शकत नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र ती आज्ञा आहे: क्ष नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक मिळवा आणि आलेले उत्तर त्याच डब्यात ठेवा. बहुतेक व्याख्याते हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. मुलाच्या डोक्यात बीजगणित आधीच बसलेले आहे, हे त्यांना समोर दिसत नाही. वर्गातल्या शिक्षकाला ते मुलाच्या चेहऱ्यावर दिसते.

पाहिले म्हणजे समजले का?

विज्ञानाच्या बाबतीत हा प्रश्न मोजून पाहिला गेला आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली पदार्थविज्ञानाच्या ६२ प्राथमिक अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. जितकी सुधारणा शक्य होती तिच्यापैकी केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांनी सरासरी २३ टक्के साधली. आपसांत चर्चा करून, हाताने करून शिकणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. व्याख्यान देणारे सारे शिक्षक वाईट होते असे नव्हे. ऐकणे ही क्रियाच अपुरी पडते.

त्याहून बोलके काम हार्वर्डमधील क्राउच, माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, २००४ सालचे. प्रयोग पाहिलाच नाही अशा विद्यार्थ्यांपैकी २२ टक्क्यांना पुढे त्याचे बरोबर स्पष्टीकरण देता आले. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला त्यांच्यापैकी २४ टक्क्यांना. फरक जवळजवळ नाहीच. परंतु काय होईल ते आधी लिहा आणि मग पाहा, असे ज्यांना सांगितले त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के झाले आणि चर्चेची जोड दिल्यावर ३२. पडद्यावरचा सुंदर प्रयोग पाहून मुले टाळ्या वाजवतात, त्यावरून ती शिकली असे आपण समजू नये. अर्थात उपाय सोपा आहे. प्रयोग घडण्यापूर्वी चित्रफीत थांबवायची आणि प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावायचा. हे काम चित्रफीत आपण होऊन करत नाही. कोणीतरी तिथे असावे लागते.

किती जण शेवटपर्यंत पोचतात?

एमआयटीचा विद्युत-मंडलांवरील पहिला मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम २०१२ साली झाला. सुमारे १,५५,००० जणांनी नाव नोंदवले, उत्तीर्ण झाले ७,१५७. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के निघाले. नुसती चव घ्यायला आलेले बरेच असतात, हे मान्य करूनही हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

२०१२ च्या त्या अभ्यासक्रमात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांत मंगोलियातील १५ वर्षांचा एक मुलगा होता. त्याची गोष्ट फुकट व्याख्यानांचा विजय म्हणून जगभर सांगितली गेली. पण तिचा एक भाग अनेकदा गाळला जातो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीतून शिकून आलेले होते, आणि त्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतून आलेला एक तरुण प्रयोगाचे साहित्य घेऊन काही आठवडे मुलांबरोबर बसत होता. मुलगा हुशार होता यात शंका नाही. तरी व्याख्यानाशेजारी माणूस होता आणि साहित्यही होते.

आपल्याकडेही याचा दाखला आहे. प्रा. दीपक फाटक यांनी आयआयटी मुंबईतून २०१४ साली प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी चालवला. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्यापूर्वी त्यांच्याच पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा उपक्रम झाला होता. त्यात पवईहून थेट व्याख्यान ठिकठिकाणच्या केंद्रांवर पोचे आणि सराव व प्रयोग मात्र त्या त्या केंद्रावरचा शिक्षक करून घेई. या केंद्र-शिक्षकांना आधी वेगळे तयार केलेले असे. माझ्या मते या दोहोंत अधिक अनुकरणीय तो हा दुसराच उपक्रम.

आपल्या वर्गात काय करता येईल?

एक उदाहरण देतो. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. रोजच्या पावसाचे आकडे मिळवा, किंवा शाळेतच पर्जन्यमापक ठेवून नोंदवा. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर हवामान खाते त्याला पावसाचा दिवस म्हणते. आता मुलांना विचारा: सर्वांत मोठा कोरडा खंड किती दिवसांचा होता? धाराशिवसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचे महत्त्व शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. एकूण पाऊस सारखाच असूनही एका वर्षी पीक येते आणि दुसऱ्या वर्षी करपते, हे त्याने पाहिलेले असते.

आज्ञावली सोपी आहे. एक डबा 'चालू खंड', दुसरा 'मोठा खंड', दोन्हींत आरंभी शून्य. कोरडा दिवस आला की चालू खंडात एक मिळवा, पावसाचा आला की तो शून्य करा. बरीच मुले चालू खंडाची मोठ्या खंडाशी तुलना फक्त पाऊस पडल्यावर करतील. मग सप्टेंबरअखेरपर्यंत लांबलेला खंड मोजलाच जाणार नाही. आज्ञावली विनातक्रार चालेल आणि उत्तर चुकीचे देईल. ही चूक संगणक दाखवत नाही, व्याख्यानही दाखवत नाही. शेवटचे वीस दिवस कोरडे असलेले आकडे मुद्दाम देणारा शिक्षक ती दाखवतो. हे सारे आधी कागदावर करता येते. कासवाचा खेळही मैदानावर खडूने खेळता येतो. एक मूल कासव होते, दुसरे आज्ञा देते. संगणक एकच असला तरी मग अडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एकूण श्रेयांकांपैकी २० टक्के 'स्वयम्'वरून मिळवण्यास मुभा दिली. २०२१ साली ती मर्यादा ४० टक्के झाली. जिथे विषयाचा शिक्षकच नाही तिथे ही मदत आहे. परंतु पडद्यावर व्याख्यान मिळते म्हणून शिक्षकाची जागा भरायची नाही, असा अर्थ कोणी काढू लागले तर त्याचा फटका सर्वांत आधी ईटसारख्या गावांना बसेल. तेव्हा ही व्याख्याने आपण जरूर वापरावीत. मात्र वापरण्यापूर्वी स्वतः ऐकावीत, कुठे थांबवायचे ते ठरवावे आणि थांबवल्यावर विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवावेत.