दात्याविना दान : दत्तक-प्रवासकथनांची संरचना

चीनचा दत्तकविषयक कायदा १ एप्रिल १९९२ रोजी अमलात आला. परदेशी पालकांनी मूल घेण्यासाठी स्वतः चीनमध्ये येऊन नोंदणी करावी, पतिपत्नींपैकी एकाला येणे शक्य नसेल तर त्याने दुसऱ्याला लेखी अधिकार द्यावा, अशी अट या कायद्याने व त्याखालील नियमांनी घातली. या प्रशासकीय अटीचा वाङ्मयीन परिणाम पुढल्या दशकात दिसू लागला. अमेरिकेतून चीनला जाऊन मूल घेऊन परतणाऱ्या कुटुंबांची आत्मपर प्रवासकथने इतक्या संख्येने लिहिली गेली की त्यांचा एक स्वतंत्र उपप्रकार मानावा लागतो. एकट्या २००५ साली चीनमधून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांची संख्या सुमारे ७,९०० होती. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने रक्ताच्या नात्यातील अपवाद वगळता परदेशी दत्तकविधान बंद केल्याचे जाहीर केले. त्यामुळे या प्रकाराचा आरंभ व शेवट असे दोन्ही काठ आता आपल्याला दिसतात आणि त्याच्या संरचनेची चर्चा करणे शक्य होते.

तुलनेसाठी कोरियाचे उदाहरण घ्यावे. हॅरी व बर्था होल्ट या ऑरेगनमधील दांपत्याने १९५५ साली आठ कोरियन मुले दत्तक घेतली, आणि तेथून जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात मुले प्रामुख्याने सोबत्यांबरोबर विमानाने पाठवली जात. प्रवास मुलाने करायचा, पालकांनी विमानतळावर उभे राहायचे. साहजिकच कोरियन दत्तकविधानाचे मध्यवर्ती दृश्य ‘आगमना’चे आहे. ॲन टायलर यांची ‘डिगिंग टु अमेरिका’ (२००६) ही कादंबरी १९९७ सालच्या बाल्टिमोर विमानतळावर, दोन कुटुंबे दोन कोरियन मुलींची वाट पाहत असताना सुरू होते, आणि पुढे त्या आगमनाचा वार्षिक सोहळा हेच तिचे कालमापन बनते. चीनविषयक कथनांत आगमनाची जागा ‘शोधयात्रे’ने घेतली. कायद्याच्या एका कलमाने कथानकाची दिशा अशी उलटी फिरवली, ही गोष्ट वाङ्मयप्रकारांच्या सिद्धान्तनात पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

शोधयात्रा म्हटली की प्रॉपची आठवण अपरिहार्य आहे. ‘उणीव’ जाणवणे, घर सोडणे, दात्याची भेट, कसोटी, वस्तूची प्राप्ती, परतणे ही प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांतून वेगळी काढलेली कार्ये या कथनांत जवळपास त्याच क्रमाने सापडतात. कागदपत्रांची जुळवाजुळव ही कसोटी, मुलीचे छायाचित्र हा संकेत, प्रांताच्या राजधानीतील हॉटेलात किंवा नागरी व्यवहार कार्यालयात मूल हाती येणे ही प्राप्ती. एवढे साम्य दाखवून थांबणे मात्र निष्फळ होईल. महत्त्वाचे आहे ते जुळत नसलेले स्थान, म्हणजे दात्याचे. नायकाला काही देणारी व्यक्ती या कथनांत नाही. चीनमध्ये मूल टाकून देणे हा गुन्हा असल्याने जन्मदाते पुढे येऊ शकत नव्हते. त्यांचे नाव कागदावर नसे. अनाथालयाच्या संचालिका त्या रिकाम्या जागी उभ्या राहतात, पण जे त्यांचे नव्हते ते त्या देत असतात. आणि त्याच जागी सुमारे तीन हजार डॉलरची ‘देणगी’ येते, तीही कोऱ्या करकरीत नोटांत. बहुतेक निवेदक या नोटांपाशी अडखळतात, विनोद करतात किंवा परिच्छेद बदलतात. संहितेची शिवण उसवते ती नेमकी येथे.

आपल्या परंपरेतील शब्दयोजना या ठिकाणी उपयोगी पडते. इंग्रजीतील ‘ॲडॉप्शन’ शब्दाच्या मुळाशी निवड करणे हा लॅटिन धातू आहे. त्यात कर्ता घेणारा आहे. ‘दत्तक’ हा शब्द मात्र ‘दत्त’ या भूतकालवाचक धातुसाधितावरून आला आहे. त्यात कोणीतरी दिल्याची खूण राहते. देणाऱ्यावाचून दत्तक संभवत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जे बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत, त्यांत आईबापांनी दिलेला तो ‘दत्त’, त्यांनी टाकलेला व दुसऱ्याने स्वीकारलेला तो ‘अपविद्ध’ आणि मोल देऊन घेतलेला तो ‘क्रीत’, असे तीन वेगळे वर्ग आहेत. (हे सारे वर्गीकरण पुत्रांचे आहे आणि चीनमधून गेलेल्या मुलांत मुलींचे प्रमाण फार मोठे आहे, ही विसंगती स्मृतिकारांच्या पदरात टाकूनच पुढे जावे लागते.) या परिभाषेत बोलायचे तर चीनविषयक कथनांतील मूल ‘अपविद्ध’ म्हणून समोर येते, कथन त्याला ‘दत्त’ बनवण्याची धडपड करते, आणि ते ‘क्रीत’ असेल ही भीती कथनाच्या तळाशी दडपलेली असते. ही भीती काल्पनिक नव्हती. हुनान प्रांतातील अनाथालयांनी दलालांकडून अर्भके विकत घेतल्याचे प्रकरण २००५ साली उघडकीस आले व पुढल्या वर्षी त्यात शिक्षा झाल्या. के ॲन जॉन्सन यांच्या ‘चायनाज हिडन चिल्ड्रन’ (२०१६) या अभ्यासाने तर ‘टाकलेली मुलगी’ ही संकल्पनाच किती प्रमाणात धोरणाच्या दडपणाने घडवलेली होती हे दाखवले.

‘अपविद्धा’चे ‘दत्ता’त रूपांतर करण्यासाठी या कथनांनी जे साधन वापरले ते म्हणजे ‘लाल धागा’. ज्यांची भेट विधिलिखित आहे त्यांना एक अदृश्य लाल धागा बांधून ठेवतो, ही ‘प्राचीन चिनी समजूत’ या लेखनात वारंवार भेटते, आणि धाग्याची टोके म्हणून पालक व मूल यांची नावे घेतली जातात. देणारा माणूस सापडत नाही म्हणून नियतीला दाता केले जाते. मुळात ही समजूत विवाहाविषयीची आहे. तिचा ख्यातनाम आधार म्हणजे तांग काळातील ली फूयान याची कथा. वेइ गू नावाच्या तरुणाला चांदण्यात ग्रंथ वाचत बसलेला एक वृद्ध भेटतो. भावी पतिपत्नींचे पाय बांधणारी लाल दोरी त्याच्या पिशवीत असते. तुझी पत्नी सध्या तीन वर्षांची आहे, असे सांगून तो बाजारात भाजी विकणाऱ्या, एका डोळ्याने आंधळ्या स्त्रीच्या कडेवरील पोर त्याला दाखवतो. वेइ गू संतापतो आणि नोकराकडून त्या मुलीवर सुरीचा वार करवतो. चौदा वर्षांनी त्याचा विवाह एका अधिकाऱ्याच्या घरातील मुलीशी होतो. ती भुवयांमधला भाग सदैव फुलाच्या आकाराच्या टिकलीने झाकून ठेवते. चौकशीअंती कळते ते असे : तिचे आईवडील लहानपणीच वारले, भाजी विकणाऱ्या दाईने तिला वाढवले, बाजारात तिच्यावर वार झाला, आणि पुढे चुलत्याने तिला मुलगी म्हणून आपल्या घरी नेले.

म्हणजे मूळ कथेत अनाथ मूल आहे, गरीब पालनकर्ती आहे, अधिक संपन्न घरात झालेले स्थलांतर आहे आणि ते मूल शोधत आलेल्या पुरुषाने केलेली हिंसाही आहे. दत्तककथनांनी धागा उचलला आणि जखम वगळली. वेइ गूची कथा या निवेदकांपैकी कोणी वाचली असेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु वाचली असती तर त्यांच्या हाती आले त्यापेक्षा कितीतरी अधिक समर्पक रूपक आले असते. टिकलीखालची खूण हीच या मुलींच्या आत्मकथनांची पुढे प्रमुख प्रतिमा होऊ शकते. धाग्याचे रूपक भेट घडवते, पण भेटीआधीचे आयुष्य पुसून टाकते. दाई तर त्यातून पूर्णपणे बाद होते.

अवकाशाच्या अंगाने या कथनांचा शेवट आणखी बोलका आहे. अमेरिकेसाठी स्थलांतराचे व्हिसा चीनमध्ये केवळ ग्वांगजौ येथील वकिलातीतून मिळत. म्हणून मूल कोणत्याही प्रांतात मिळो, कथानक शेवटी त्याच शहरात येते, आणि बहुधा शामियान बेटावरच्या ‘व्हाइट स्वान’ हॉटेलात. हे बेट एकेकाळी ब्रिटिश व फ्रेंच वसाहतींना तोडून दिलेली जागा होती, ही गोष्ट कित्येक निवेदकांना केवळ झाडीच्या व जुन्या इमारतींच्या सौंदर्यापुरती जाणवते. हॉटेलात येणाऱ्या या कुटुंबांना एक खास बार्बी भेट मिळे : गोरी, सोनेरी केसांची बाहुली आणि तिच्या कडेवर चिनी अर्भक. ‘घरी जाणारी बार्बी’ हे तिचे नाव. ‘घर’ या शब्दाचा अर्थ एका खेळण्याने इतक्या निर्विवादपणे ठरवून टाकल्याचे दुसरे उदाहरण शोधणे अवघड आहे. कॅरिन एव्हान्स यांचे ‘द लॉस्ट डॉटर्स ऑफ चायना’ (२०००) हे या प्रकारातील अधिक जबाबदार पुस्तक, कारण ते स्वतःच्या प्रवासाला एका-मुलाच्या धोरणाच्या वार्तांकनाची जोड देते आणि अज्ञात आईचा प्रश्न मिटवून टाकत नाही. तरीही प्रवासाचा साचा त्यालाही सोडवत नाही.

मार्गारेट होमन्स यांनी ‘दि इम्प्रिंट ऑफ अनदर लाइफ’ (२०१३) मध्ये मांडलेली भूमिका येथे तपासली पाहिजे. दत्तककथनांतील ‘मूळ’ हे सापडत नसते, रचले जाते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. रक्तनात्याचे गूढीकरण करणाऱ्या समाजात ही मांडणी मुक्तिदायी आहे, यात शंका नाही. परंतु हरवलेले मूळ आणि खोटे नोंदवलेले मूळ यांत ती फरक करू शकत नाही. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये, आईवडील असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद झाल्याचे मान्य केले. चित्रपटकर्त्या डीॲन बोर्शे लीम यांना १९६६ साली दुसऱ्याच एका मुलीच्या नावावर अमेरिकेला पाठवण्यात आले होते. त्यांची आई हयात होती. त्यांचा ‘फर्स्ट पर्सन प्लुरल’ (२०००) पाहिल्यावर ‘सर्व मुळे रचितच’ हे विधान फार सुखासीन वाटू लागते. कारकुनाने रचलेली आणि कलावंताने रचलेली कथा एकाच पातळीवर ठेवणे हे सिद्धान्ताचे औदार्य नसून त्याची आंधळी जागा आहे.

या प्रश्नाचे वाङ्मयीन उत्तर दत्तक गेलेल्यांच्या परतप्रवासाच्या कथनांनी दिले. जेन जाँग ट्रेन्का यांचे ‘द लँग्वेज ऑफ ब्लड’ (२००३) शोधयात्रेचा सरळ साचा मोडून नाट्यप्रवेश, परीकथा, शब्दकोडे असे तुकडे शेजारी ठेवते. तेथे उणीव भरून निघत नाही, ती फक्त आपली जागा बदलते.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आशा मिरो यांचे आहे. नाशिक परिसरातील एका खेड्यात जन्मलेली ही मुलगी १९७४ साली मुंबईहून बार्सिलोनाला दत्तक गेली. ‘गंगेची कन्या’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले त्यांचे कातालान पुस्तक २००३ साली आले, दुसरे २००४ साली. नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतात, हे आपल्याला सांगावे लागत नाही. युरोपीय वाचकाला मात्र या शीर्षकातून वाराणसीची नदी दिसते. दुसऱ्या पुस्तकात बहीण सापडते आणि पहिल्यातली जन्मकथा बदलावी लागते. एका लेखिकेने आपल्याच मूळकथेची दुसऱ्या पुस्तकात दुरुस्ती करावी, ही या प्रकाराच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे; होमन्स यांच्या मांडणीला तिच्यात उत्तर आहे, कारण दुरुस्ती करायची तर कोठेतरी चूक आणि बरोबर असावे लागते. मिरो यांना मराठी उरलेली नाही. बहिणीशी झालेले बोलणे दुभाष्यामार्फत कातालानमध्ये, आणि तेथून भाषांतराने आपल्यापर्यंत येते. त्यातले प्रत्येक वाक्य नाशिककडच्या बोलीत कसे असेल याचा अंदाज मराठी वाचक नकळत करत राहतो. तो अंदाज पडताळून पाहण्याचे साधन मात्र पुस्तकात नाही.