'द प्रपोजल': नाटकात नसलेले शब्द

आज एकाच छोट्या नाटकाबद्दल बोलायचंय. अंतोन चेखॉव्हचं 'द प्रपोजल'. १८८८ साली लिहिलेली एकांकिका. एनसीईआरटीच्या दहावीच्या 'फर्स्ट फ्लाइट' पुस्तकात ती आहे, त्यामुळे तुमच्यापैकी काहीजण ती शिकवतही असाल.

गोष्ट पटकन सांगतो. पस्तिशीचा जमीनदार लोमोव्ह शेजारच्या चुबुकोव्हकडे येतो, त्याची मुलगी नताल्या हिला मागणी घालायला. बाप खूश. पण मुलीला तो काय सांगतो? व्यापारी माल न्यायला आलाय, जा. ती येते, आणि बोलता बोलता लोमोव्ह एका कुरणाचा उल्लेख 'माझं' असा करतो. झालं, पेटलं. कुरण केवढं? ५ देस्यातिना, म्हणजे साधारण साडेपाच हेक्टर. किंमत ३०० रूबलच्या आसपास, हे भांडणारी नताल्याच सांगते. बांधावरून भावकीत बोलाचाल बंद झालेली ज्याने पाहिलीय, त्याला हे नाटक रशियातलं आहे हे मुद्दाम सांगावं लागतं.

आता हे वर्गात कसं शिकवतात? आधी फळ्यावर शब्दार्थ. कुरण, दलदल, छातीत धडधडणं, कारस्थानी. मग पात्रं वाटून वाचन. शेवटी 'आपल्या शब्दांत गोष्ट सांगा'. आणि इथे सगळं फसतं. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं, म्हणून बोलतोय.

मुलं सांगतात ते असं: लोमोव्ह सेड, नताल्या सेड, देन चुबुकोव्ह सेड. सगळं 'सेड'. आपण म्हणतो शब्दसंग्रह कमी. अहो, पण शब्दार्थ तर पाठ आहेत! मग अडतंय कुठे?

अडतंय नाटकाच्या घडणीत. कथेत लेखक सांगून टाकतो की अमक्याने कबूल केलं, तमकीने नाकारलं. नाटकात हे शब्दच नसतात. तिथे नुसतं बोलणं असतं, आणि त्या बोलण्याने माणूस नेमकं काय करतोय, याला नाव कोणी दिलेलं नसतं. ते नाव गोष्ट सांगणाऱ्याने द्यायचं. म्हणजे नाटकाची गोष्ट सांगायला जे शब्द लागतात ते नाटकात नाहीतच. मग समासातल्या शब्दार्थांत तरी कुठून येणार? पुस्तकात रिपोर्टेड स्पीचचा स्वाध्याय आहे, पण तो वाक्यरचना बदलायला शिकवतो. माणूस ओळखायला नाही.

कुरणाचंच बघा. लोमोव्ह म्हणतो, माझ्या मावशीच्या आजीने ते चुबुकोव्हच्या आजोबांच्या कुळांना फुकट वापरायला दिलं होतं, बदल्यात त्यांनी विटा भाजून द्यायच्या. नताल्या म्हणते, जमीन जवळपास ३०० वर्षं आमची. पहिल्यांदा तो समजावतो. मग दावा करतो. मग ठणकावतो. मग धमकी देतो. शब्द जवळजवळ तेच, कृती चार! मराठीत मुलाला हे विचारा, तो लगेच सांगतो. 'कसा म्हणाला?' 'ठसक्यात, सर.' मग त्यासाठी इंग्रजी शब्द शोधू. एक्सप्लेन्ड, क्लेम्ड, इन्सिस्टेड, थ्रेटन्ड. गरज पडल्यावर सापडलेला शब्द विसरत नाही.

काहीजण म्हणतील, नाटक आहे, करू दे की अभिनय. करावाच. पण अभिनयात राग चेहऱ्यावर दिसतो, त्याला नाव न देता भागतं. सांगताना चेहरा मदतीला येत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त गंभीर. बाजारातल्या गाइडांत सारांश साधारण असा सुरू होतो: लोमोव्ह नताल्याला मागणी घालायला आला, पण दोघं जमिनीवरून भांडली. चूक काहीच नाही. फक्त नाटक मेलं. कारण नताल्याला तो कशासाठी आलाय हेच माहीत नाही! तो निघून गेल्यावर, बापाच्या तोंडून तिला कळतं, आणि मग तिचा जो आकांत होतो की त्याला परत आणा, तिथे हसू आहे. सारांशात ते 'तोपर्यंत' गळून जातं. म्हणून मी मुलांना म्हणतो, गोष्ट नताल्या होऊन सांगा, आणि तिला जे जेव्हा कळलं तेव्हाच सांगा. एका मुलीने सुरुवात केली, 'बाबा म्हणाले, व्यापारी आलाय...' आणि पुढे 'अन्टिल' हा शब्द तिने आपणहून मागितला. शब्दार्थाच्या यादीत 'अन्टिल' कोण घालतं?

आता शेवट. कुत्र्यांवरून दुसरं भांडण, लोमोव्ह बेशुद्ध, मेला म्हणून रडारड, मग शुद्धीवर येताच बाप घाईघाईने लग्न ठरवून टाकतो. लगेच तिसरं भांडण सुरू, आणि त्यावर आवाज चढवून चुबुकोव्ह शॅम्पेन मागवतो. या ओरडण्याला क्रियापद कोणतं? वर्गात एकाने लिहिलं 'सेलिब्रेटेड'. दुसरीने 'इंटरप्टेड'. मी दोघांनाही मार्क दिले, तर ते दोघं एकमेकांशी भांडायला लागले, आणि तास संपला तरी मिटलं नव्हतं.