डिसलेक्सिया: दोष डोळ्यांचा की वाचनाचा?

'तारे जमीन पर' (२००७) आल्यापासून डिसलेक्सिया म्हटलं की आपल्याला नाचणारी अक्षरं आठवतात. म्हणजे घोळ नजरेत आहे, असं आपण धरूनच चालतो.

याला थोडाफार आधार आहे. हलणारे ठिपके पाहताना आपल्या मेंदूतला 'व्ही५' हा भाग कामाला लागतो. डिसलेक्सिया असलेल्या प्रौढांमध्ये तो तसा कामाला लागत नाही, असं गिनेव्हिअर ईडन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं. पण फरक सापडला म्हणजे कारण सापडलं का? कमी चालणाऱ्याच्या पोटऱ्या बारीक असतात. पण म्हणून काही 'पोटऱ्या बारीक, म्हणून चालत नाही' असं आपण म्हणत नाही.

ओलुलादे, नापोलिएल्लो आणि ईडन यांचा २०१३ सालचा 'न्यूरॉन'मधला पेपर मला आवडतो तो इथेच. डिसलेक्सिया असलेल्या मुलांची समवयस्कांशी तुलना केली, तर व्ही५मध्ये फरक दिसला. मग त्यांनी वयाने लहान, पण वाचनाची पातळी तेवढीच असलेली मुलं घेतली. फरक दिसेना! पुढे या मुलांना वाचनाचं खास शिक्षण दिलं, तर व्ही५मधली हालचाल वाढली. म्हणजे हा फरक कमी वाचनाचा परिणाम असावा.

तक्रार आहे ती शीर्षकाबद्दल. हालचाल टिपण्यातला फरक हे डिसलेक्सियाचं कारण नाही, असं ते ठासून सांगतं. प्रत्येक गटात मोजकीच मुलं असताना 'फरक दिसला नाही' म्हणजे 'फरक नाहीच' असं होत नाही. शिवाय तपासली ती फक्त हालचाल. दाटीवाटीतली अक्षरं वेगळी ओळखणं, एका नजरेत किती अक्षरं मावतात, हे प्रश्न उरतातच. आणि ही मुलं इंग्रजी वाचणारी. आपल्या 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. तिथे नजरेचं काम निराळंच.

तरीही पालकांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिसलेक्सिया सुधारतो याला शास्त्रीय पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र येऊन सांगितलंय. डोळे जरूर तपासून घ्या. नंबर असेल तर चष्मा हवाच. पण अक्षर-ध्वनीचं नातं शिकवणाऱ्या शिकवणीचा वेळ आणि पैसा रंगीत काचांवर घालवू नका. मुलाचं एक वर्ष वाया गेलं, तर वर्गातलं अंतर वाढतच जातं.