अवताराची वाट, मुक्तीची आडवाट

प्रस्थापित वाङ्मयाने नायक नेहमी जन्मावरून ठरवला. कुळ, नक्षत्र आणि भविष्यवाणी यांची साक्ष मिळाल्याखेरीज त्याला उद्धारक म्हणून मान्यता नाही. संगणकावरच्या भूमिका-खेळांनी हीच चौकट उचलली आहे. त्यांना पोरखेळ म्हणून बाजूला सारणे आपल्याला परवडणारे नाही. माणसाची प्रतवारी आता पोथीतून उतरते तशी पडद्यावरूनही मुलांच्या मनात उतरते.

मी 'मॉरोविंड' या खेळाविषयी लिहीत आहे. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो 2002 साली काढला. परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा 1999 साली झाला. त्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडे जे थोडे संगणक आले, त्यांतल्या एकावर शाळकरी वयात मी हा खेळ खेळलो. यंदा तो पहिल्यापासून पुन्हा खेळलो. तेव्हा माझा नायक नॉर्ड, म्हणजे गोरा धिप्पाड योद्धा होता. या वेळी मुद्दाम अर्गोनियन घेतला. अर्गोनियन ही सरड्यासारख्या माणसांची जमात. या खेळातल्या बेटावर मळ्यांत आणि खाणींत गुलाम म्हणून राबतात ते प्रामुख्याने अर्गोनियन आणि मांजरमुखी खाजीट.

खेळाचा आरंभ सरकारी नोंदणीने होतो. नायक हा जहाजातून उतरवलेला कैदी. पहारेकरी त्याचा वंश विचारतो, कचेरीतला कारकून धंदा आणि जन्मरास लिहून घेतो. वंश ठरला की गुणांचे आकडे ठरले. हाय एल्फची बुद्धी 50, ऑर्क पुरुषाची 30! अर्गोनियन आणि खाजीट यांना खेळाच्या परिभाषेत 'पशुवंश' म्हणतात, आणि त्यांना बूट घालता येत नाहीत. गावातल्या वाड्यांपुढून चपला हातात धरून चालण्याची सक्ती ज्या समाजाने सोसली, त्यातल्या वाचकाला ही अट निव्वळ तांत्रिक कशी वाटेल? निर्मात्यांच्या मनात आपली गावे नव्हती, हे खरे. पण 2006 सालच्या 'ओब्लिव्हियन' या पुढच्या भागात याच जमाती बूट घालू लागल्या. पायांची ठेवण ही सृष्टीची आज्ञा नव्हती. कोणीतरी ती लिहिली होती, म्हणून ती बदलता आली.

तरीही हा खेळ सामान्य नाही. त्यात कौशल्य वाढते ते वापराने. जो धावतो त्याचे धावणे सुधारते, जो भाला चालवतो त्याचा हात बसतो. मेहनतीने ऑर्कची बुद्धीही 100पर्यंत नेता येते. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली मांडले. खेळाची ही अर्धी यंत्रणा अशा विभागणीला खोटे पाडते. उरलेली अर्धी तिचीच तरफदारी करते.

खरा प्रश्न कथेचा आहे. मुख्य कथा एका भविष्यवाणीची. जुना वीर पुन्हा जन्माला येईल आणि बेटाचा उद्धार करील. तो वीर आपण. वंश कोणताही चालतो, म्हणून हे समतेचे लक्षण वाटते. पण उद्धारक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी भटक्या टोळ्यांचा कौल लागतो. त्यांतल्या एका टोळीच्या नायकाला खानदानी वधू हवी असते. तेव्हा आपण गुलामांच्या बाजारात जाऊन एक स्त्री विकत घ्यायची, तिला भारी कपडे आणि अत्तर लावायचे आणि कुलीन म्हणून त्याच्या हवाली करायची. माझ्या अर्गोनियनलाही हेच करावे लागले. ज्याच्या जातीचे लोक साखळीत आहेत, तो अवतार ठरण्यासाठी गुलाम खरेदी करतो! त्या स्त्रीचे पुढे काय झाले, हे मुख्य कथा विचारत नाही. शेवटी दैत्य मरतो, आकाश निवळते. गुलामांचे बाजार होते तसेच राहतात.

याच बेटावर 'जुळे दिवे' नावाची गुप्त संघटना गुलामांना सोडवते. एबनहार्ट येथील अर्गोनियन मिशनमध्ये पळून आलेल्यांना आसरा मिळतो. पण हे सारे आडवाटेचे काम. ते केले नाही तरी खेळ पूर्ण होतो.

ही रचना आपल्या ओळखीची आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून मानले जाणारे नर्सी आमच्याच जिल्ह्यात. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना हटवले तेव्हा औंढा नागनाथाचे देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. देऊळ एका संतासाठी फिरले. देवळाचा कायदा फिरला नाही. अपवादाचा गौरव करून नियम सांभाळणे, ही प्रस्थापितांची जुनी हातोटी आहे. याउलट मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 साली झाला आणि तो 1994 साली प्रत्यक्षात आला. मधली सोळा वर्षे कोणा अवताराने भरली नाहीत. घरे जळालेल्या, मार खाल्लेल्या, मोर्चे काढणाऱ्या अनाम माणसांनी ती भरली. आपल्या इतिहासात आडवाट हीच मुख्य कथा आहे.

म्हणून हा खेळ जाळावा असे मी म्हणणार नाही. तो नीट वाचावा. वसमत, कळमनुरी, सेनगावची मुले आज संगणकाची भाषा शिकत आहेत. त्यांनी असा खेळ लिहावा, ज्यात आरंभी कोणी वंश विचारणार नाही, आणि बाजारातली ती स्त्री मोकळी झाल्याशिवाय खेळ संपणार नाही.