‘द चायना सिंड्रोम’ : अडकलेली सुई आणि न दिसणारे वीजजाळे

जेम्स ब्रिजेस दिग्दर्शित ‘द चायना सिंड्रोम’ हा चित्रपट १६ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि अवघ्या बारा दिवसांनी, २८ मार्चला, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत अपघात झाला. या योगायोगाने चित्रपटाला कीर्ती मिळाली. त्याच्या समीक्षेचे मात्र नुकसान झाले. चित्रपट ‘खरा ठरला’ या शेऱ्यापलीकडे चर्चा सहसा जात नाही. तो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे पुन्हा तपासण्यास आज सबळ कारण आहे. ज्या कॅलिफोर्नियात त्याचे कथानक घडते, तेथेच लोकांच्या काळजीने दिशा बदलली आहे. १९७९ मध्ये अणुभट्टी चालू राहण्याची धास्ती होती. अलीकडच्या काळात ती बंद पडली तर दिवे लागतील काय, ही चिंता तिच्या जोडीला आली आहे.

चित्रपटाचा गाभा एका छोट्या प्रसंगात आहे. दूरचित्रवाणीची वार्ताहर किंबर्ली वेल्स (जेन फोंडा) आणि तिचा छायाचित्रक (मायकेल डग्लस) व्हेंटाना केंद्रात गेलेले असताना इमारतीला हादरा बसतो. नियंत्रण-कक्षात पाण्याची पातळी दाखवणारी सुई वरच अडकून राहते. पाणी फार झाले असे समजून कर्मचारी ते कमी करू लागतात. पाळीप्रमुख जॅक गोडेल त्या उपकरणावर बोटाने टिचकी मारतो आणि सुई सरकन खाली येते. गाभा उघडा पडण्याच्या बेतात आहे, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात येते. पार्श्वसंगीताचा आधार न घेता केवळ जॅक लेमनच्या चेहऱ्यावर दिग्दर्शकाने हा क्षण तोलून धरला आहे. थ्री माइल आयलंड येथेही कर्मचारी पाण्याच्या पातळीबाबत फसले. दाब कमी करणारी झडप उघडीच राहिली होती. फलकावरील दिव्यावरून मात्र ती मिटल्यासारखी वाटत होती. दाबनियंत्रकातील पातळी भरपूर दिसल्याने आणीबाणीचे पाणी कमी करण्यात आले. म्हणजे चित्रपटाचे खरे यश भाकितात नसून निदानात आहे. धोका यंत्रात जेवढा, तेवढाच यंत्राविषयी मिळणाऱ्या माहितीत असतो, हे त्याने अचूक ओळखले.

पुढे हेच सूत्र अधिक काळे होते. पंपाच्या सांध्यांची तपासणी झाल्याचे दाखवण्यासाठी एकच क्ष-किरण छायाचित्र पुनःपुन्हा वापरले गेले आहे, असे गोडेलच्या ध्यानात येते. येथपर्यंत पटकथा भक्कम आहे. यानंतर मात्र ती एक सोपी विभागणी पत्करते : केंद्र चालू ठेवू पाहणारा तो लोभी, बंद करू पाहणारा तो सज्जन. वीज ही या कथेत केवळ कंपनीच्या नफ्याची वस्तू आहे. ती जेथे पोहोचते ती घरे, रुग्णालये, पाणी उपसणारे पंप कथेच्या हिशेबात येत नाहीत. मोठे केंद्र एकाएकी जाळ्यातून सुटले की वारंवारता घसरते आणि राखीव केंद्रांना काही क्षणांत ती तूट भरावी लागते. या बाजूचा विचार पटकथेला करावासा वाटलेला नाही.

ही उणीव किरकोळ नाही, कारण ‘बंद होणे’ या एकाच शब्दात दोन भिन्न घटना दडलेल्या आहेत. सुरक्षेसाठी भट्टी तत्काळ थांबवणे ही एक. केंद्र कायमचे मोडीत काढणे ही दुसरी. पहिलीचा भार जाळ्याने काही सेकंदांत पेलायचा असतो, तर दुसरीची तयारी अनेक वर्षे आधी करायची असते. कॅलिफोर्नियातील वादात हा भेद वारंवार पुसला गेला. राज्याच्या विजेपैकी सुमारे नऊ टक्के पुरवणारे डायाब्लो कॅन्यन केंद्र २०२५ पर्यंत बंद करण्याची योजना २०१६ मध्ये जाहीर झाली होती. ऑगस्ट २०२० च्या उष्णतेच्या लाटेत पाळीपाळीने वीज तोडावी लागली आणि या योजनेवर बोट ठेवले गेले. वास्तविक तेव्हा ते केंद्र बंद झालेलेच नव्हते. सूर्यास्तानंतर सौर वीज ओसरते, मागणी मात्र चढीच राहते. त्या काही तासांचे नियोजन तोकडे पडले होते. तरीही चिंता निराधार म्हणता येत नाही. तोकड्या नियोजनातून आणखी दोन हजारांहून अधिक मेगावॅट वजा केले असते तर तीच संध्याकाळ अधिक कठीण गेली असती. ६ सप्टेंबर २०२२ रोजी मागणीने ५२,००० मेगावॅटचा टप्पा ओलांडला आणि लोकांना भ्रमणध्वनीवर वीज वाचवण्याचे आवाहन करावे लागले. त्याच महिन्यात केंद्राला २०३० पर्यंत मुदत देणारा राज्याचा कायदा झाला. त्यानंतर साठवण-बॅटऱ्यांची क्षमता वेगाने वाढून २०२४ मध्ये १०,००० मेगावॅटच्या पुढे गेली, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर चित्रपट कालबाह्य ठरतो, असे त्याचे टीकाकार म्हणू शकतील. ते मान्य करणे कठीण आहे. ‘वीज तुटेल’ हे कारण पुढे करून तपासणी ढिली करण्याचा मोह आजही होऊ शकतो आणि त्या मोहाचे चित्रण या कलाकृतीइतके नेमके क्वचितच आढळते. थ्री माइल आयलंडची पहिली भट्टी अपघातात सापडलेली नव्हती. ती २०१९ मध्ये आर्थिक कारणाने थांबली आणि मायक्रोसॉफ्टला वीज पुरवण्याच्या करारावर पुन्हा चालू करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. अशा भट्टीच्या सांध्यांचे छायाचित्र कोण पाहणार, हा गोडेलचा प्रश्न तिथे जसाच्या तसा लागू होतो.

अखेरचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पिस्तुलाच्या धाकाने नियंत्रण-कक्ष ताब्यात घेतलेल्या गोडेलला अखेर दूरचित्रवाणीवर बोलण्याची संधी मिळते. पण त्याला बोलता येत नाही. कंपने, पंप, सांधे असे शब्द अडखळत येतात, श्रोत्याला काही उमगण्यापूर्वीच प्रक्षेपण तोडले जाते आणि पोलिसांच्या गोळीने तो कोसळतो. यात कंपनीचे कारस्थान आहेच. पण आयुष्यभर त्या कक्षात वावरलेल्या माणसाजवळ बाहेरच्या लोकांना सांगण्याजोगी भाषाच नाही, हे लेमनने अधिक प्रकर्षाने उभे केले आहे. त्यानंतर प्रवेशद्वाराबाहेर त्याचा सहकारी टेड स्पिंडलर कॅमेऱ्यासमोर काही साधी वाक्ये बोलतो. त्याला पंपाविषयी काही सांगायचे नसते. गोडेल वेडा नव्हता, एवढेच तो सांगतो.