जेम्स वेल्सची भूदृश्ये : एक पंचमीविचार

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला डच ठाऊक झाले ते सतराव्या शतकातील वखारीमुळे. परंतु त्यांच्या भाषेतील एक शब्द त्या वखारीहून दीर्घायुषी ठरला. ‘लँडस्केप’ ही इंग्रजी संज्ञा मूळची डच ‘लांडस्खाप’ होय. तिचा मूळ अर्थ मुलूख. चित्रकारांच्या हाती ती ‘मुलखाचे चित्र’ झाली व त्याच अर्थाने इंग्रजीत गेली. मुलूख चित्रात शिरताना पाहणारा कोठे उभा असतो, हा प्रश्न या अर्थांतरातून उद्भवतो. मराठी मुलखात आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या संदर्भात तो येथे विचारावयाचा आहे.

वेल्स (१७४७–१७९५) १७९१ मध्ये मुंबईस उतरला व पुढील वर्षी पुण्यास गेला. तेथे त्याने सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे चित्र रंगविले. मुंबई व परिसराचे त्याचे बारा देखावे मात्र मरणोत्तर, १८०० मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाले. त्यांतील काही शीर्षके लक्षणीय आहेत : ‘बेलमॉन्टहून’, ‘शीवच्या किल्ल्यावरून’. ही पंचमी होय. शीर्षकात नाव येते ते दिसणाऱ्या स्थळाचे नव्हे, तर पाहणाऱ्याच्या उंच जागेचे. तेथून बेट आणि खाडी एका नजरेत सामावतात. माणसाचा चेहरा मात्र दिसत नाही.

वेरूळला ही पंचमी अपुरी पडते. लेण्यात आत शिरावे लागते, खांब जवळून न्याहाळावा लागतो. हे काम पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट याने रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी आरंभिले होते; वेल्स तेथे गेला तो नंतर. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळचे चोवीस देखावे प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या शीर्षकात वेल्स आहे, डॅनियल आहे, गंगाराम नाही.

वेल्सच्या हाताची सफाई नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘कोणी काढले’ एवढी तृतीया नोंदवून समीक्षा थांबली, तर ‘कोठून पाहिले’ आणि ‘कोणाच्या मागून’ हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. मराठीत ‘देखावा’ म्हणजे दृश्य, आणि देखावा म्हणजे नुसता बाह्य डौलही. या दोन अर्थांतील अंतर ओळखावयाचे असेल, तर वेल्सच्या चित्रांशेजारी गंगारामचे १७९५ मधील पर्वतीचे चित्र ठेवूनच दोघांचा अभ्यास झाला पाहिजे.