भावाचा वाटा



हरिनाम सप्ताहात तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण किती वेळा ऐकली असेल! 1630 च्या सुमारास पडलेला तो दुष्काळ, त्यात गेलेली पहिली पत्नी आणि मुलगा, मोडलेला व्यापार, आणि मग डोहात सोडलेली खते. टाळ वाजतात, मंडप भरून येतो. पण ही कथा सांगताना अलीकडे मधली एक पायरी घाईने उरकली जाते, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. कारण कथेचा प्राण त्याच पायरीवर आहे.

परंपरा सांगते, की तुकोबारायांनी आधी खतांचे दोन वाटे केले. अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. उरलेली स्वतःची, तेवढीच पाण्यात सोडली.

माउली, इथे जरा थांबा. सगळीच खते बुडवली असती तरी जगाने वाहवाच केली असती. पण ते औदार्य कान्होबांच्या ताटातले झाले असते. तुकोबारायांनी भावाला त्याचा हक्क दिला आणि 'तूही बुडव' असा आग्रहही धरला नाही. त्याग सांगून करवून घेता येत नाही. ज्याचा त्याने करायचा असतो.

कोणी विचारील, मग कान्होबांच्या वाट्यातल्या कुळांचे काय? त्यांचे देणे तसेच राहिले ना? होय, राहिले. कथा हे लपवत नाही, म्हणून ती मला अधिक खरी वाटते. एका माणसाच्या हातून होते ते त्याच्या वाट्यापुरतेच, पण तेवढे पुरते होते. खतच उरले नाही, म्हणजे उद्या उपकाराची आठवण करून द्यायलाही पुरावा उरला नाही.

आता आपल्या मुलखाकडे या. तीच इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुढे भीमा शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहते आणि पंढरीला चंद्रभागा होते. दोन्ही काठांवर ऊस आहे, मोटारी आहेत. दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन येते, शिरूरला चासकमान आणि घोडचे. पाणी सुटले, की वरचा पाळी संपली तरी मोटार बंद करत नाही आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीकडे बघत बसतो. त्याच उसाच्या पैशातून पुढे सप्ताहाची पंगत उठते आणि फलकावर अन्नदात्याचा फोटो झळकतो. अन्नदान वाईट कसे म्हणावे? पण कान्होबाचा वाटा आधी दिला का, एवढे विचारायला नको?

याचे उत्तर याच दौंड तालुक्यात दर आषाढीला मिळते. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते. घरोघरच्या चुलींवर भाकरी थापल्या जातात आणि सगळ्या एका ढिगात जमा होतात. कोणती भाकरी कोणाच्या घरची, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि खाणाऱ्यालाही. पीठ स्वतःचे, हात स्वतःचे, नाव मात्र कुठेच नाही. बुडवलेल्या खतांची ही कथा इथे कोणी न सांगताही जगली जाते.

म्हणून कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती, की खते डोहाकडे नेण्याआधी वाटणीपाशी घटकाभर थांबावे. आणि माउली, तुम्हा-आम्हाला एवढेच: परोपकाराला निघताना आधी शेजाऱ्याच्या चारीत पाणी पोचले का ते पाहून यावे. ते पोचवणे हा उपकार नव्हे, ते त्याचेच आहे. त्यानंतर आपल्या वाट्याचे जे सोडू, तेच पंढरीनाथाच्या पायाशी पोचेल.

रामकृष्णहरी.